बंद लॅपटॉपमधला अम्मांचा आवाज

आम्ही दोघी जावा. मोठी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, धाकटी घर आणि शिलाईचे मशीन सांभाळते. हा लेख रात्रीची भांडी आवरून, चार-पाच बैठकींत दोघींनी मिळून लिहिला आहे. म्हणून यात सगळीकडे 'आम्ही' आहे. चूक कोणा एकीची असली तरी तिथेही 'आम्ही'च लिहायचे, हे आधी ठरवले आणि मगच कागद हातात घेतला.

आमचे घर हिंगोली जिल्ह्यात, कळमनुरी तालुक्यातले. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी, पाच मुले आणि २०२२ च्या जानेवारीपर्यंत आमच्या सासूबाई. त्यांना सगळे अम्मा म्हणत. अम्मा शाळेत कधी गेल्या नाहीत. कुरआन शरीफ पढायला शिकलेल्या होत्या, पण लिहिणे त्यांना येत नव्हते. त्यांच्याजवळ जे होते ते सगळे तोंडी होते. जात्यावरची गाणी, लग्नातली ढोलकवरची गाणी, आजारपणातले काढे, कोणाचे कोणाशी काय नाते. १९४८ साली त्या लहान होत्या. त्या दिवसांत त्यांच्या अब्बांनी शेताचे कागद लोखंडी पेटीत भरून घर सोडले आणि काही महिन्यांनी तीच पेटी डोक्यावर घेऊन ते परत आले. ती गोष्ट अम्मा अशी सांगत, की ऐकणाऱ्याला पेटीचे ओझे आपल्या डोक्यावर जाणवावे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये रमजान आला. मशिदी बंद, तरावीह घरातच. दुपारी कोणाला काही काम नसे. मोठ्या लेकीने तेव्हा दहावीचे पेपर दिले होते. ती मोबाईल घेऊन दादीजवळ बसायची आणि म्हणायची, "दादी, काहीतरी बोला." पहिले दोन दिवस अम्मा लाजल्या. "क्या बोलूं गे?" म्हणून तोंडावर पदर घ्यायच्या. मग त्यांना सवय झाली आणि नंतर तर आवडायला लागले. असर झाली की स्वतःच विचारत, "आज नै भरती क्या वो?" रेकॉर्डिंगला त्या 'भरणे' म्हणत, जसे माठात पाणी भरतात तसे. ईदपर्यंत अशा एकतीस फाइली झाल्या.

लेकीच्या मोबाईलची जागा संपली तेव्हा आम्ही त्या फाइली लॅपटॉपवर उतरवल्या. 'दादी' नावाचे फोल्डर केले आणि मोबाईलमधून पुसून टाकल्या. तेव्हा वाटले, चला, आता सुरक्षित झाल्या. लॅपटॉप आम्ही कपाटासारखा समजत होतो. ठेवले की ठेवले. त्यातून काही जाऊ शकते, हा विचार मनाला शिवला नाही. घरात फाइल जपण्याची ती आमची पहिली आणि सर्वांत मोठी चूक. बाकी सगळे त्यानंतर आले.

२०२४ च्या ऑगस्टमधली गोष्ट. लेकीचे लग्न डिसेंबरात ठरले होते. हळदीच्या रात्री दादीचे जात्यावरचे गाणे लावायचे, हा तिचा एकच हट्ट होता. आपल्याकडच्या हळदीला पुऱ्या राज्यात मागणी. हंगामात वसमतचा आणि हिंगोलीचा मोंढा पिवळाधमक होतो. घरातले धाकटे भाऊ हळदीच्याच व्यापारात. त्यामुळे लग्नाची हळद विकत आणायची नाही, घरच्या जात्यावर दळायची, आणि दळताना अम्मांचा आवाज घुमला पाहिजे, असे तिच्या मनात होते. ते गाणे काढून ठेवावे म्हणून एका रविवारी आम्ही लॅपटॉप उघडला.

बटण दाबले. कंपनीचे चिन्ह आले. ठिपके गोल गोल फिरायला लागले आणि फिरतच राहिले. अर्ध्या तासाने निळा पडदा आला, त्यावर दुरुस्ती चालू असल्याचे लिहिलेले. मग तो काळा झाला. काळ्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ, जिचा अर्थ असा, की सुरू करण्याजोगे आत काही सापडत नाही.

मग आम्ही तेच केले जे सगळे करतात. बंद केला, चालू केला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. चार्जर काढून पाहिला, लावून पाहिला. मुलांनी एकेकदा करून पाहिले. शेजारचा मुलगा आला, त्यानेही केले. संध्याकाळपर्यंत वीस-पंचवीस वेळा तरी बटण दाबले असेल. आज कळते, की आत आजारी माणूस होता आणि आम्ही त्याला दर दहा मिनिटांनी जिना चढायला लावत होतो.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. मुलगा भला होता. तपासून म्हणाला, "भाभी, फॉरमॅट मारून देतो. उद्या संध्याकाळी न्या. नव्यासारखा होईल."

"आणि आतलं?"

"आतलं जाईल ना. फॉरमॅट म्हटल्यावर जाणारच."

त्याने विचारले म्हणून बरे. आमच्या तोंडून 'चालेल' निघाले असते तर हा लेखच झाला नसता. त्याचे काम मशीन चालू करून देणे, आणि ते तो करूनच देणार होता. आम्हाला मशीन नको होते, आतले हवे होते, हा फरक आम्हालाच सांगता आला पाहिजे. वाचक भगिनींनो, दुकानात लॅपटॉप देताना पहिले वाक्य हेच बोला: "मशीन नंतर. आतलं पुसू नका."

दुकानातून लॅपटॉप परत आणण्याचे आणखी एक कारण होते, ते उघड बोलतो. त्यात घरातल्या बायकांचे, लग्नांचे, मुलींचे फोटो होते. परक्या हातात चार दिवस ते असावेत, हे मनाला पटेना. हा संकोच खूप घरांत असतो. त्यामुळे कितीतरी बिघडलेले लॅपटॉप दुरुस्तीलाच जात नाहीत, कपाटावर तसेच पडून राहतात आणि त्यातले सगळे तिथेच संपते. संकोच खरा आहे, पण त्यावर उपाय आहेत. समोर बसून काम करून घेता येते. हार्ड डिस्क काढून घेऊन नुसते मशीन दुरुस्तीला देता येते. आणि पुष्कळदा, आमच्यासारखे, घरीच करता येते.

त्या रात्री आम्ही ननंदेच्या मुलाला फोन लावला. तो पुण्यात संगणकाचीच नोकरी करतो. सगळे ऐकून त्याने आधी एकच विचारले, "मुमानी, आतून आवाज येतोय का? टक्-टक्, टक्-टक्, असा?"

आम्ही कान लावला. पंख्याचा आवाज होता, बारीक घरघर होती. टक्-टक् नव्हती.

"मग उमेद आहे. आता मी सांगेपर्यंत कोणी बटणाला हात लावायचा नाही."

मग त्याने समजावून सांगितले. ते आम्हाला असे समजले. लॅपटॉपच्या आत फाइली ठेवायची एक जागा असते, तिला हार्ड डिस्क म्हणतात. जुन्या लॅपटॉपमध्ये ती गरागरा फिरणाऱ्या तबकड्यांची असते. त्याच तबकड्यांवर एका भागात विंडोज असते, जी मशीन सुरू करते, आणि दुसऱ्या भागात आपल्या फाइली. विंडोजच्या भागातले चार कण खराब झाले तरी मशीन सुरू होत नाही. पण म्हणून फाइली गेल्या असे होत नाही. तो म्हणाला, "घराच्या दाराचं कुलूप बिघडलंय. घर जळालेलं नाही. आपण खिडकीतून आत जाऊ आणि सामान बाहेर काढू. कुलूप नंतर बघू."

ती खिडकी म्हणजे एक पेन ड्राइव्ह. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या चालू कॉम्प्युटरवर, त्याने फोनवर सांगितले तसे, आम्ही आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर उबुंटू नावाची प्रणाली उतरवली. ही लिनक्स घराण्यातली, फुकट मिळते. तिचे विशेष असे, की ती लॅपटॉपच्या डिस्कला हात न लावता नुसत्या पेन ड्राइव्हवरूनच चालते. पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप सुरू करताना एक ठरावीक बटण दाबायचे असते. कुठे एफ-बारा, कुठे एफ-नऊ, कुठे एस्केप, कंपनीनुसार वेगळे. मग यादी येते, त्यात पेन ड्राइव्ह निवडायचा.

पुढे पडद्यावर दोन वाटा दिसतात. 'वापरून पाहा' आणि 'बसवा'. इथे भाचा मोबाईलच्या पडद्यावरून ओरडलाच, "मुमानी, 'बसवा' नक्को! 'वापरून पाहा'!" 'बसवा' दाबले असते तर नवी प्रणाली जुन्या फाइलींच्या अंगावर जाऊन बसली असती. हा एक क्षण सगळ्या वाचकांनी लक्षात ठेवावा.

पडदा उजळला. ओळखीचे काहीच नव्हते, पण एका बाजूला डिस्कचे चिन्ह होते. त्यावर दाबले, आणि आत आमचे फोल्डर दिसले. शाळेचे निकाल. शेताचे सातबारे. मुलांचे दाखले. लग्नांचे फोटो. आणि 'दादी'. आम्ही दोघींनी एकमेकींचा हात धरला. कोणी बोलले नाही.

आमचा लॅपटॉप २०१७ चा, त्यामुळे हे सरळ झाले. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कला आतूनच कुलूप असते, त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची ४८ अंकी किल्ली लागते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्टचे खाते वापरले असेल, त्यात ती बहुधा जपलेली असते. ज्यांचा लॅपटॉप नवा आहे त्यांनी आजच, तो चालू असतानाच, ती किल्ली शोधून वहीत लिहून ठेवावी. बिघडल्यावर शोधत बसू नये.

भाच्याने विचारले, "आधी काय काढायचं?" आम्ही म्हणालो, "सगळंच." तो म्हणाला, "सगळं नाही. डिस्क किती वेळ साथ देईल सांगता येत नाही. परत मिळू न शकणारं आधी."

हा प्रश्न आम्हाला कोणी कधी विचारला नव्हता. बसून विचार केला तर उत्तर लख्ख होते. सातबारा सरकारच्या महाभूलेखवर पुन्हा मिळतो. शाळेच्या दाखल्याची दुय्यम प्रत मिळते. गुणपत्रिका डिजिलॉकरमध्ये आहेत. निकालाचे तक्ते कार्यालयात आहेत. अम्मांचा आवाज कुठल्याच कार्यालयात नाही.

म्हणून आधी 'दादी'. दुसरा पेन ड्राइव्ह लावला आणि एक एक फाइल ओढायला सुरुवात केली. पहिली आली. दुसरी आली. एकोणिसावीपर्यंत आल्या. विसाव्या फाइलीला पट्टी अर्ध्यावर थांबली आणि हलेना. मग वाचता येत नसल्याची सूचना आली. भाचा म्हणाला, "थांबा. आता ओढाओढ नको. डिस्कच्या त्या भागाला इजा झाली आहे. जास्त छेडलं तर बाकीचंही जाईल."

पुढचा उपाय त्याने सांगितला तो थोडा खर्चाचा होता. एक टीबीची बाहेरची डिस्क विकत घ्यायची आणि आजारी डिस्कची जशीच्या तशी पूर्ण नक्कल तिच्यावर काढायची. मग आजारी डिस्कला विश्रांती, आणि पुढची सगळी शोधाशोध नकलेवर. धाकटे भाऊ दुसऱ्याच दिवशी नांदेडला जाऊन डिस्क घेऊन आले. साडेचार हजार रुपये मोजले. "लग्नाच्या खर्चात धर," एवढेच म्हणाले.

नक्कल काढायचा प्रोग्राम डीडीरेस्क्यू नावाचा, तोही फुकट. मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून तो उतरवून घेतला. त्याची रीत आम्हाला फार आवडली. साधी नक्कल करणारा प्रोग्राम अडलेल्या जागी डोके आपटत बसतो. हा तसे करत नाही. सोपे आहे ते आधी पुढे पुढे वाचत जातो, अडले की ती जागा सोडतो, आणि कोणती जागा सोडली त्याची नोंद ठेवतो. सगळे सोपे झाले की मग मागे फिरून अवघड जागा हळूहळू वाचतो. शाळेत आपण मुलांना पेपर सोडवायची हीच रीत शिकवतो. ही नोंदीची फाइल भाच्याने आग्रहाने बाहेरच्या डिस्कवरच ठेवायला लावली. का, ते रात्री कळले.

इशाची नमाज झाली आणि काम सुरू केले. पडद्यावर आकडे सरकत होते. मुले झोपली. आम्ही दोघी जाग्या होतो. पाऊस होता, आणि पावसात आपल्याकडे वीज कशी असते ते सांगायला नको. रात्री दीडच्या सुमारास गेली. जुन्या लॅपटॉपची बॅटरी ती किती. पंधरा-वीस मिनिटांत पडदा विझला.

त्या अंधारात जे वाटले ते लिहिता येत नाही. अम्मांना शेवटच्या दिवसांत नांदेडच्या दवाखान्यात नेले होते, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर आम्ही अशाच दोघी शेजारी शेजारी बसलो होतो. मोठी म्हणाली, "मीच मोबाईलमधून पुसल्या गं." धाकटी म्हणाली, "मीच म्हटलं होतं, पूस म्हणून." मग दोघी गप्प बसलो. तेव्हाच ठरले, की याबद्दल कधी बोललो तर 'आम्ही' म्हणूनच बोलायचे.

फज्रच्या आधी वीज आली. पेन ड्राइव्हवरची प्रणाली स्वतः काही लक्षात ठेवत नाही, त्यामुळे प्रोग्राम पुन्हा उतरवावा लागला. पण नोंदीची फाइल बाहेरच्या डिस्कवर जशीच्या तशी होती. भाच्याने पुण्यातून डोळे चोळत तीच आज्ञा पुन्हा लिहायला सांगितली, आणि काम जिथे थांबले होते तिथूनच पुढे सुरू झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. डिस्कचा फारच थोडा भाग वाचता आला नाही.

नकलेतून फाइली काढल्या. एकतीसपैकी अठ्ठावीस नीट वाजल्या. तीन उघडल्याच नाहीत. सव्वीसावी, एकोणतिसावी आणि तिसावी.

लेक शाळेच्या वहीत लिहिलेली जुनी यादी घेऊन आली. सव्वीसावी म्हणजे पेटीची गोष्ट. एकोणतिसावी म्हणजे जात्यावरचे गाणे. तिसाव्यापुढे तिने नुसते लिहिले होते: 'स्वयंपाकघर.'

जात्यावरच्या गाण्याबद्दल इथे थोडे सांगायला हवे. आपल्या दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' नावाचा जुना काव्यप्रकार आहे. विजापूरकडच्या सूफींनी तो बायकांसाठी रचला. दळता दळता गुणगुणावे आणि अल्लाहचे नाव ओठांवर राहावे, म्हणून. चरख्यावरच्या बायकांसाठी तसाच 'चरखानामा'. अम्मांचे गाणे त्यातले होते की गावातल्या मराठी ओव्या ऐकून घडलेले होते, ते आम्हाला ठरवता येत नाही. शेजारच्या घरांतल्या बायका आणि अम्मा एकाच जात्यावर बसून दळत. ओवी इकडून तिकडे जायची, तिकडची इकडे यायची.

अशा ओव्या वाचवण्याचे फार मोठे काम आपल्या महाराष्ट्रात झाले आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून बायकांकडून ओव्या लिहून घेतल्या. हजाराहून अधिक गावे आणि एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणात आणि ते सगळे संगणकावर नीट लावण्यात साथ दिली. पॉइटवाँ २००४ साली वारले, हेमाताई २०१० मध्ये. दोघांच्या मागे ते काम एखाद्या बंद खोलीत राहिले असते तर वाळवीला गेले असते. पण ध्वनिमुद्रणे दिल्लीला एका संगीताच्या अभिलेखागारात ठेवली गेली होती, नंतर ती फ्रान्सला गेली, आणि २०१७ पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाने ती सगळ्यांसाठी खुली करायला सुरुवात केली. ज्या बायकांचे जाते गेले, ज्या स्वतः गेल्या, त्यांचा आवाज राहिला. कारण तो एका जागी ठेवलेला नव्हता.

आमच्याकडे एकतीस फाइली होत्या आणि जागा एक. लाखभर ओव्या जपणाऱ्यांनी जे केले ते आम्हाला एकतीस फाइलींसाठी सुचले नाही.

मग आम्ही नातेवाइकांना फोन लावायला सुरुवात केली. परभणीच्या ननंदेला विचारले, "आपा, अम्मांचं काही तुमच्या मोबाईलमध्ये आहे का?" त्या म्हणाल्या, "जात्याचं गाणं आहे की. अम्मीनेच पाठवायला लावलं होतं. लॉकडाऊनमध्ये मला माहेरी येता आलं नाही, म्हणून रडत होते, तेव्हा." चार वर्षांत त्यांनी दोन मोबाईल बदलले होते, पण ते गाणे प्रत्येक वेळी आठवणीने नव्यात घेतले होते. पेटीची गोष्ट अम्मांच्या धाकट्या भावाकडे निघाली. वय झालेले, डोळ्यांना दिसत नाही, पण नातू त्यांना ती दर जुम्याला ऐकवतो. व्हॉट्सॲपवरून गेलेल्या असल्यामुळे आवाज थोडा दबलेला आहे. पण पूर्ण आहे.

तिसावी फाइल कुठेच नाही.

ती काय होती ते आम्हाला दोघींना नीट आठवते, कारण आम्ही दोघी तीत होतो. इफ्तारची तयारी चालू होती. लेकीने मोबाईल ओट्यावर ठेवून दिला होता. अम्मा आम्हाला रागावत होत्या. मोठीला म्हणत होत्या, डाळीत मीठ जास्त पडणार. धाकटीला, कांदा जाड चिरलास. मध्येच हसल्या, खोकल्या, कोणा मांजराला हाकलले. मग अजान झाली तेव्हा आवाज बंद. गाणे नव्हते, गोष्ट नव्हती, काही नव्हते. म्हणूनच ती कोणाला पाठवावीशी वाटली नाही. मौल्यवान वाटले ते आम्ही चार घरी वाटले आणि ते वाचले. जे रोजचे वाटले ते फक्त आमच्याजवळ राहिले, आणि तेच गेले.

आज आम्ही पेटीची गोष्ट ऐकतो तेव्हा अम्मा भेटतात, हे खरे. पण त्यात त्या सगळ्यांच्या अम्मा असतात. ओट्याजवळ रागावणाऱ्या अम्मा आमच्या दोघींच्या होत्या.

डिसेंबरात लग्न झाले. हळदीच्या रात्री जाते मांडले आणि अम्मांचा आवाज लावला. परभणीच्या आपा जात्याच्या खुंट्याला हात लावून बसल्या होत्या. गाणे दोनदा लावावे लागले. पहिल्या वेळी कोणालाच दळता आले नाही.

या सगळ्यातून आम्ही शिकलो ते आता घरात पाळतो. आपल्यापैकी कोणाच्या उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

लॅपटॉप सुरू होत नसेल तर दोन-तीनदा पाहून थांबा. आतून टक्-टक् येत असेल, पडला असेल किंवा पाण्यात भिजला असेल तर घरचा कुठलाच प्रयोग करू नका, बटणही दाबू नका. धूळविरहित खोलीत डिस्क उघडून माहिती काढणारे लोक पुण्या-मुंबईत आहेत. खर्च हजारांच्या घरात जातो, पण आत काय आहे ते तुम्हालाच ठाऊक. नव्या लॅपटॉपमध्ये तबकड्यांऐवजी एसएसडी असते. ती वेगवान असते, पण फिरणारे काही नसल्यामुळे आवाजाने इशारा देत नाही, आणि तिच्यावरून पुसलेली फाइल बहुतेक वेळा परत येत नाही.

जपण्याचा हिशेब सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आमची एक प्रत नव्या लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि तिसरी परभणीला आपांच्या घरी एका डिस्कवर. मोबाईलमधून काही पुसायचे असेल तर आधी दुसरीकडे दोन जागी वाजवून पाहायचे, मगच पुसायचे. प्रत्येक फाइलीला नाव, तारीख, कोण बोलत आहे, हे लिहायचे. आणि त्या ४८ अंकी किल्लीसारख्या गोष्टी कागदावर, दस्तऐवजांच्या फाइलीत.

शेवटची गोष्ट धाकटीच्या मुलाने शिकवली. तो हिफ्ज करतो. त्याचे उस्ताद रोज नवा सबक घेतात, पण त्याहून जास्त वेळ जुना धडा, म्हणजे आमुख्ता ऐकतात. आम्ही त्याला एकदा विचारले, "जे पाठ झालं ते पुन्हा पुन्हा कशाला?" तो म्हणाला, "पढलं नाही तर निसटतं. आणि निसटलंय हे आपल्याला कळतच नाही, कोणी ऐकेपर्यंत."

तेव्हापासून वर्षातून दोनदा, ईदला सगळे जमले की, डिस्क काढतो आणि काही फाइली लावून ऐकतो. दर वेळी वेगळ्या. डिस्क चालते की नाही तेही कळते आणि मुलांना दादी कोण होत्या तेही कळते. आणि आता आम्ही रोजचेही भरतो. गेल्या रमजानला परभणीच्या आपा आल्या होत्या. स्वयंपाकघरात धाकटीला म्हणाल्या, "कांदा किती जाड चिरतेस गं!" मोठीने काही न बोलता मोबाईल ओट्यावर ठेवला. ती फाइल त्याच रात्री तीन जागी गेली.